कोंबड्यांचं बाळंतपण

आमच्या सासूबाईंनी आयुष्यात किती बाळंतपणं केली हे त्यांना स्वतःलाही सांगता येत नाही. त्या गावच्या सुईण. तिशीच्या वरच्या कुणाकडेही बोट दाखवलं की म्हणतात, "हा माह्याच हातचा." सरपंच त्यांच्या हातचा, आणि त्याच्याविरुद्ध उभा राहून पडलेलाही त्यांच्याच हातचा. पुढे फोन केला की दवाखान्याची गाडी दारात यायला लागली आणि बाया तालुक्याच्या गावी, सावलीला, जाऊन बाळंत होऊ लागल्या. तेच बरं, असं सासूबाई स्वतः सगळ्यांना सांगत. माझ्या दुसऱ्या लेकीच्या वेळी तर मला गाडीत त्यांनीच ढकललं होतं. पण त्यांचं काम सुटलं ते सुटलंच. मग कितीतरी वर्षं त्या सपरीतल्या, म्हणजे ओसरीवरच्या, खाटेवर बसून रस्त्यानं जाणाऱ्या बायांची पोटं बघायच्या आणि कुणाला कितवा महिना आहे ते मला सांगायच्या. त्यांचा अंदाज सहसा चुकायचा नाही, पण त्याचा आता कुणाला उपयोग नव्हता.

मी चंद्रपूरला तीन दिवसांच्या कुक्कुटपालनाच्या प्रशिक्षणाला गेले आणि येताना एक वही, एक प्रमाणपत्र आणि भरपूर शहाणपण घेऊन आले. गावात जन्मापासून कोंबड्यांत वावरलेल्या बाया ढीगभर होत्या, पण प्रमाणपत्र माझ्या एकटीकडे होतं. नवऱ्यानं घरामागं बांबू आणि जाळीचं, माणूस उभं राहील एवढं खुराडं बांधलं; आम्ही त्याला गोठाच म्हणतो. त्यात ऐंशी तलंगा आल्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या. त्या माझ्या, असं मी धरून चालले होते. आठवडाभरात त्या सासूबाईंच्या झाल्या.

त्या पहाटे उठून गोठ्यात जायच्या. कोणती तलंग अंड्यावर येणार हे तिची चाल बघून आदल्या दिवशी सांगायच्या. माझ्या वहीत "अंडी उत्पादन सुरू" असा एक रकाना होता, तो मी त्यांना विचारून भरायची. हे अर्थात मी कुणाला सांगत नसे. त्यांचं गुडघ्याचं रडगाणं कमी झालं, जेवण वाढलं, आणि दिवसा सपरीतली खाट रिकामी राहू लागली. म्हणून पुढं कोंबड्या विकून टाकायची गोष्ट निघाली तेव्हा काय जाणार आहे ते घरात सगळ्यांना कळत होतं. कोंबड्या गेल्या की सासूबाई परत त्या खाटेवर जाणार होत्या.

गोष्ट निघाली ती टरफलांवरून.

आमची अंडी सावलीच्या एका मुलींच्या वसतिगृहात जायची. रस्ता निम्मा नहराच्या म्हणजे कालव्याच्या काठानं आहे आणि तो रस्ता आहे हे ठाऊक असणाऱ्यालाच दिसतो. नवरा मोटारसायकलवर मागं ट्रे बांधून न्यायचा. हिवाळ्यात एखाददुसरं अंडं फुटायचं. चैत्र सरता सरता दहा फुटू लागली, मग पंधरा. टरफल इतकं पातळ झालं होतं की अंडं उचलताना बोट आत जायचं. काही अंड्यांना तर टरफलच नसायचं, नुसती कातडी. वसतिगृहाची स्वयंपाकीणबाई तोंडाची तिखट होती. तिनं एकदा ट्रेवरचं ओलं फडकं उचलून नवऱ्याला विचारलं, "काय जी भाऊ, अंडी आनून राह्यले का आमलेट?" पुढं तिनं साफ सांगितलं की हे असंच चाललं तर ती तेलंगणातून ट्रकनं येणारी अंडी घेणार. ती निदान पोचतात तरी.

नवरा घरी येऊन म्हणाला, "रोवन्याले लागलो का मले टाइम नाई. तवर टरफल सुधरलं तं ठीक, नाई तं सगळ्या कोंबड्या देऊन टाकू."

आमच्याकडे धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, लागली की माणसाला मरायलाही फुरसत नसते, त्यामुळे त्याचं चूक नव्हतं. सासूबाई लाखोळीची डाळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत त्या गोठ्यात बसून होत्या.

मी वही उघडली. "कवच पातळ असल्यास कॅल्शियम वाढवावे," असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, खाली दोनदा रेघ ओढून. सावलीहून पांढऱ्या भुकटीची पिशवी आणली आणि कनकी म्हणजे तांदळाची कणी, कोंडा, मका, पेंडीची ढेप, सुकट या सगळ्यात रोज सकाळी मापानं मिसळली. कोंबड्यांनी मका वेचला, कनकी वेचली, सुकटीसाठी भांडणं केली, आणि भुकटी तळाशी जशीच्या तशी ठेवली. कोंबडी निवडून खाते हे माझ्या वहीत नव्हतं. सगळ्यांच्या चोची तेवढ्या पांढऱ्या झाल्या. नवरा म्हणाला, "पावडर लावून नाटकाले चालल्या वाटते वडस्याले." वडसा म्हणजे आमच्याकडच्या नाटक मंडळ्यांचं गाव. सासूबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अवं, कोरडं पीठ तुले कोनी देल्लं तं तू खाशीन का?" मी रागानं भुकटी पाण्यात कालवली. मग कोंबड्यांनी मका वेचणंही सोडलं.

तेवढ्यात चंद्रपूरला शिकणाऱ्या माझ्या थोरल्या लेकीला खोली बदलायची होती म्हणून मला जावं लागलं. दोन दिवसांचे नऊ दिवस झाले. निघताना सासूबाईंना म्हटलं, "आई, कोंबड्याईकडं लक्ष ठेवजा." यापेक्षा मोठी चूक मी आजवर केलेली नाही.

परत आले तेव्हा ऐन वैशाखाची दुपार होती. घराच्या मागून धूर निघत होता. मी पिशव्या टाकून धावले. गोठ्याच्या चारही बाजूंच्या जाळीवर सासूबाईंची जुनी लुगडी तट्ट बांधली होती. वाऱ्याला शिरायला बोटभर फट नव्हती. आत अंधार, मधोमध मडक्याच्या खापरात विस्तव, विस्तवावर ओवा आणि बाळंतशेपा. ऐंशी कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख अंगापासून लांब धरून धापा टाकत होत्या. आणि सासूबाई घामानं निथळत, मोठ्या समाधानी चेहऱ्यानं पाटावर बसल्या होत्या.

"वारं लागत होतं त्याईले," त्या म्हणाल्या.

मी पाण्याच्या भांड्यात हात घातला. पाणी कोमट होतं आणि त्याला ओव्याचा वास होता. दाण्यात मेथ्या, लसूण, जवस, गूळ. घरात जाऊन डबा उघडला तर माझा डिंक संपलेला. बाळंतिणीला जे जे लागतं ते सगळं कोंबड्यांना लागू झालं होतं: धुरी, शेक, कोमट पाणी, वाऱ्यापासून आडोसा. फक्त डोक्याला फडकी तेवढी बांधायची राहिली होती.

"आई, हे काय करून राह्यल्या तुमी?"

"तू सांग मले," त्या शांतपणे म्हणाल्या. "बाईले एक लेकरू झालं तं सव्वा महिना जपते का नाई? आता हे बघ, रोज बाळंत होते. रोज. अना रोजच्या बाळंतनीले तू कनकी चारून राह्यली."

तीन दिवसांच्या प्रशिक्षणात कुणी हा मुद्दा काढलाच नव्हता. आणि उत्तर सुचलं नाही की मला राग येतो, हा माझा जुना आजार आहे. त्यातच दुसऱ्या दिवशी नवरा वसतिगृहातून निरोप घेऊन आला. अंडी आधीपेक्षा कमी, आधीपेक्षा पातळ, वरून मुली विचारतात की अंड्याला आधीच फोडणी दिली आहे का. लसणाचा आणि मेथीचा वास थेट अंड्यात उतरला होता. स्वयंपाकीणबाईनं शेवटचे दोन आठवडे दिले होते.

मी सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "आई, तुमचं काम बायांचं होतं. कोंबड्यात आता हात घालू नका."

त्यांनी उठून एकेक लुगडं सोडलं, झटकलं, घडी घातली, आणि सपरीतल्या खाटेवर जाऊन बसल्या. दोन दिवस गोठ्याकडं फिरकल्या नाहीत. रस्त्यानं कुणी पोटुशी बाई गेली तरी मला काही सांगितलं नाही. मला माझी लाज वाटत होती, पण माझा हट्टही काही कमी नाही. तिसऱ्या दिवशी मी ढोरांच्या डॉक्टरला फोन केला.

डॉक्टर तरुण होता. डोक्याला दुपट्टा गुंडाळून भर उन्हात आला, गोठा बघितला आणि पाणी प्यायला सपरीत टेकला. सासूबाई खाटेच्या दुसऱ्या टोकाला तोंड फिरवून बसलेल्या. मी त्याला धुरीपासून डिंकापर्यंत सगळं सांगितलं. खोटं कशाला बोलू, त्यानं सासूबाईंना हसावं म्हणूनच सांगितलं. तो हसलाही. मग तांब्या खाली ठेवून म्हणाला, "आजी चुकल्या कुठं ते नंतर सांगतो. बरोबर कुठं होत्या ते आधी सांगतो."

सासूबाईंचं तोंड थोडं इकडं वळलं.

तो म्हणाला, रोज अंडं घालणाऱ्या कोंबडीला साधं खाणं पुरत नाही, तिला बाळंतिणीसारखंच वरचं लागतं, ही आजींची गोष्ट सोळा आणे खरी. पण कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकूनच अंग थंड करते. ऊन वाढलं की ती खाते कमी आणि धापते जास्त, आणि त्या धापण्यातच टरफल पातळ होतं. त्यात धुरी म्हणजे कहर. तिला वारा पाहिजे आणि गार पाणी पाहिजे.

सासूबाई आता पूर्ण वळल्या होत्या. "डाक्टर भाऊ, अंडं पोटात कितीक वेळ रायते?"

"एक दिवस अन् वर थोडा वेळ. त्यात टरफल चढायलाच सगळ्यात जास्त वेळ लागते. तेही रातीला."

"रातीले?" सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. "मंग हे चुन्याची भुकटी सकाळी काऊन देत होती?"

डॉक्टरनं आधी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तेच मी सांगनार होतो," तो म्हणाला. भुकटी कोंबडीच्या पोटातून लवकर निघून जाते. जाडी भरड संध्याकाळी द्यायची, शिंपल्याची असली तर उत्तम. ती पोटात थांबते, रात्रभर हळूहळू विरघळते, आणि नेमकी टरफल चढायच्या वेळी कामी येते.

"अना नाई भेटली तं?"

"तर ती आपल्या हाडातून काढते, आजी. हाडं झिजतात, पण अंडं देत राहते. मग एक दिवस पाय गाळून बसते."

सासूबाईंनी गोठ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "एक बसलीच आहे. तिकडच्या कोपऱ्यात, काल सकाळपासून."

म्हणजे त्या गोठ्याकडं फिरकत नव्हत्या हे मला वाटत होतं तेवढंच. डॉक्टरनं कोंबडी उचलून बघितली, पाय सोडून दिलेले. हिला काढून टाका, ही काही उठायची नाही, म्हणाला. "काढत नाई," सासूबाई म्हणाल्या आणि तिला त्याच्या हातातून घेतलं.

मी माफी मागितली नाही. आमच्याकडे सून सासूची माफी मागत नाही, तिच्या पुढ्यात चहा नेऊन ठेवते. त्या दिवशी मी दोनदा ठेवला. दुसरा कप पिताना त्या म्हणाल्या, "बोडी आटली आहे. शिंपा उघड्या पडल्या असतीन."

बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायचं लहान तळं. उन्हाळ्यात तिचा तळ उघडा पडतो आणि चिखल वाळून भेगाळला की त्यात शिंपले दिसू लागतात. आम्ही दोघी पहाटे घमेली घेऊन निघालो. सासूबाई पुढं, मी मागं. कुठल्या कोपऱ्यात चिखल वरून सुका आणि आतून ओला आहे हे त्यांना बरोबर माहीत होतं. मला माहीत नव्हतं म्हणून मी पोटरीपर्यंत रुतले आणि एक चप्पल कायमची बोडीला अर्पण केली. त्या इतक्या हसल्या की त्यांना घमेलं पालथं घालून त्यावर बसावं लागलं. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ती चपलेची गोष्ट सांगितली. घरी पोचेपर्यंत चिखल माझ्या कमरेपर्यंत आला होता.

शिंपले धुऊन, चुलीवर भाजून उखळात कुटले. मी चाळून बारीक चूर बाजूला काढायची, त्या जाड्या भरडीवरून हात फिरवून "अजून एक हात" किंवा "पुरे" म्हणायच्या. तुरीच्या डाळीएवढे तुकडे पाहिजेत, असं आमचं ठरलं. संध्याकाळी ती भरड वेगळ्या परळात ठेवली. दाण्यात मिसळली नाही, ही सासूबाईंची अक्कल. गंमत अशी की अंड्यावरच्या कोंबड्या येऊन टपाटप खायच्या आणि ज्यांची अंडी थांबली होती त्या हुंगून निघून जायच्या.

"ज्याले लागते ते खाते," सासूबाई म्हणाल्या. "बाळंतीन बी अशीच. तिले इचारा, ते सांगते काय पायजे ते. कोनी इचारत नाई, ते गोष्ट वेगळी."

दाणा पहाटे आणि ऊन उतरल्यावर. पाणी नव्या मडक्यातलं, दुपारी दोनदा बदललेलं. आणि लुगडी परत जाळीवर चढली, पण यावेळी ओली करून, वर बांधलेली आणि खालून मोकळी. नवऱ्याची ती कल्पना. ओल्या लुगड्यांतून येणारा वारा इतका गार लागायचा की दुपारी तो स्वतःच गोठ्यात खाट टाकून निजायला लागला. कोंबड्यांनी हरकत घेतली नाही.

दहा-बारा दिवसांत अंडं हातात घट्ट लागू लागलं. दिलेले दोन आठवडे संपले त्या दिवशी मी मुद्दाम नवऱ्याबरोबर सावलीला गेले. ट्रेमध्ये दोन अंडी तडकलेली होती आणि तो खड्ड्यांचा गुन्हा होता. स्वयंपाकीणबाईनं एक अंडं उचललं, गंजाच्या म्हणजे पातेल्याच्या काठावर आपटलं. फुटलं नाही. पुन्हा आपटलं तेव्हा फुटलं. तिनं फोडलेलं अंडं नाकाशी नेलं. "आता बिना फोडनीचं आहे," ती म्हणाली, "मंगळवारी आना." घरी आल्यावर नवरा कोंबड्या ठेवायच्या की विकायच्या यावर एक शब्द बोलला नाही. शिडी घेतली आणि पावसाळ्यासाठी गोठ्याच्या छपरावर बांबूच्या नवीन ताट्या टाकायला चढला. त्याचा निर्णय असाच कळतो. सासूबाई खालून त्याला कुठं फट राहिली ते काठीनं दाखवत होत्या आणि त्यांचा आवाज तिसऱ्या घरापर्यंत जात होता.

राहिली होती ती पाय गाळून बसलेली एक. तिला सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी डालीखाली, म्हणजे बांबूच्या पालथ्या टोपलीखाली ठेवलं होतं, खाली धानाचं कोरडं तणीस घालून. तिचं सगळं त्या एकट्याच बघायच्या. मला जवळ येऊ देत नसत. मला वाटलं, असेल अजून थोडा राग. एका सकाळी मी चुलीला काड्या घ्यायला मागं गेले तर ती कोंबडी उभी होती. झोकांड्या खात, पण स्वतःच्या पायांवर उभी. आणि सासूबाई खलबत्त्यात काहीतरी कुटत होत्या.

खलात पांढरी गोळी होती. ती मी ओळखली, कारण दर महिन्याला सावलीच्या सरकारी दवाखान्यातून ती मीच आणते. मागच्या वर्षी त्या हातपंपाजवळ घसरल्या आणि मनगट मोडलं. हाडं पोकळ झाली आहेत, ही कॅल्शियमची गोळी रोज घ्यायची, कायमची, असं डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं. मी रोज रात्री विचारायची, गोळी घेतली का, आणि त्या रोज म्हणायच्या, घेतली.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"हे बसली तवापासून."

महिना होऊन गेला होता. माझा पारा चढला. "आई, ह्या गोळ्या तुमच्या हाडासाठी आहेत. कोंबडीसाठी शिंपा आहेत ना घरात पोतंभर."

त्यांनी भुकटी गुळात कालवून बोराएवढी गोळी केली, कोंबडीची चोच अलगद उघडली, आत सारली आणि गळ्यावरून बोट फिरवलं. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "माह्या हाडाचं काय घेऊन बसली वं. मी आता कोनतं अंडं देऊन राह्यली?"

हे त्यांनी गमतीनं म्हटलं, आणि स्वतःच हसल्या. मला हसू आलं नाही. मी काड्या तिथंच खाली टाकून त्यांच्याजवळ बसले. चोवीस वर्षं मी या घरात आहे. माझी दोन्ही बाळंतपणं, दुसरं दवाखान्यातून घरी आल्यावर, त्यांनीच काढली. सव्वा सव्वा महिना मला खाटेवरून पाय खाली ठेवू दिला नाही, रोज दोन वेळा तेल लावलं, डिंकाचे लाडू हातात दिले. मी कुरकुर करायची की तेलाला वास येतो. त्या चोवीस वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं ते मी तेव्हा विचारलं.

"आई, तुमची बाळंतपनं कोनं केली?"

"कोन करन? गावात सुईन मी एकटी." यात विचारण्यासारखं काय आहे, असा त्यांचा चेहरा. "एकदा तं सहाव्या दिवशी बलावनं आलं. लेकरू फडक्यात बांधलं अना गेली. एकदा रोवन्यात होती, तवा धानाच्या बांधीतूनच घरी आली अना आठ दिवसानं बांधीतच गेली."

"डिंक, मेथ्या?"

"ज्याच्या घरी जावो, त्याच्या घरी हुंगल्या," त्या म्हणाल्या आणि डाली कोंबडीवर ठेवली.

त्याच दिवशी मी नवऱ्याला वाण्याकडं पाठवलं. दुपारी लाडू वळले. संध्याकाळी कोंबड्यांची भरड टाकून झाली तसं तेल गरम केलं, आतल्या खोलीत सतरंजी अंथरली आणि त्यांना हाक मारली. गोळी हातावर ठेवली, ती गिळेपर्यंत तोंडाकडं बघत राहिले, तोंड उघडून दाखवायला लावलं. मग म्हटलं, "आता पालथ्या व्हा."

"येडी झाली का तू? कोन बाळंत झालं?"

"तुमी."

"ह्या वयात?"

"उशीर झाला. पन झाला तं झाला."

बराच वेळ त्यांनी नाही नाही केलं. कोंबड्या कोण बघेल, लोक काय म्हणतील, एवढं तेल कशाला. शेवटी लवंडल्या, माझी समजूत घालायची म्हणून. मी पाठीवर हात ठेवला. ज्या पाठीवरून घरातलं सगळं ओझं गेलं ती एवढीशी होती आणि मणके एकेक करून हाताला लागत होते. मला रडू आलं. त्यांचं तोंड खाली होतं म्हणून त्यांना दिसलं नाही. त्या मला शिकवत होत्या, अंगठा असा धर, वरून खाली आण, कंबरेपाशी थांब. हळूहळू शिकवणं थांबलं. मला वाटलं झोप लागली.

"सव्वा महिना करीन मी हे," मी हळूच म्हटलं. "रोज."

"एका लेकराचा सव्वा महिना असते," त्या उशीतून म्हणाल्या.

माझा नवरा आणि दोन नणंदा. मी तीन धरले. "मंग तिघाईचे धरून करते."

"पाच," त्या म्हणाल्या.

जी दोन राहिली नाहीत त्यांच्याविषयी आमच्या घरात कधी बोलणं होत नाही. मी पुन्हा तेल घेतलं, दोन्ही हातांना चोळलं. "पाच सव्वे सव्वासहा," मी म्हटलं. "सव्वासहा महिने होतात आई."

"मधात रोवना आहे."

"असू द्या."

आता रोवणी होऊन धानाच्या लोंब्या निसवायला आल्या आहेत आणि आमचं तिसरं बाळंतपण चालू आहे.